जाणार की राहणार : स्थलांतराच्या इराद्याचा अंदाज बांधून देणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा, तळोदा आणि धडगाव या तालुक्यांतील ज्या पाड्यांवरून दिवाळी आटोपताच ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातकडे निघतात, तेथे मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेपुढे दरवर्षी एकच प्रश्न असतो : यंदा किती कुटुंबे जाणार, आणि त्यांपैकी किती जण मुलांना मागे ठेवून जाणार? या प्रश्नाचे उत्तर भाद्रपदात हवे असते, कारण स्वयंपाकीण, अंथरुणे, धान्य आणि मंजुरीसाठी पाठवायचा प्रस्ताव यांतले काहीच ऐन वेळी उभे राहत नाही. खरे उत्तर मात्र टेम्पो भरून गेल्यावरच कळते. या अडचणीवर उपाय म्हणून आमच्या संस्थेने गेल्या हंगामाआधी पुण्यातील एका सल्लागार गटाची सेवा विकत घेतली. लोकांना त्यांच्या जाण्याच्या इराद्याबद्दल विचारायचे, आलेल्या उत्तरांवरून सांख्यिकी मॉडेल बांधायचे आणि गावनिहाय अंदाज द्यायचा, असे या सेवेचे स्वरूप आहे. गटाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगायच्या आहेत त्यांतील बहुतेक या प्रकारच्या कामातच मुरलेल्या आहेत आणि दुसऱ्या कोणाकडून हेच काम करून घेणाऱ्यालाही त्या भेटणारच आहेत.

मत आधीच सांगून टाकतो. गाव सोडून शहरात स्थिरावू पाहणाऱ्या तरुणांबद्दल या मॉडेलने जे सांगितले, ते आम्हाला दुसऱ्या मार्गाने कळले नसते. कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या कुटुंबांबद्दल त्याने जे सांगितले, ते पाड्यावरच्या कोणालाही ठाऊक होते. फक्त ते दशांश चिन्हासह सांगितले गेले.

सेवेत प्रश्नावली तयार करणे, नमुन्यातील गावे व घरे निवडणे, आमच्याच कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण, मोबाइलवर भरायचा फॉर्म, मॉडेल, अहवाल आणि रंगीत नकाशांचा डॅशबोर्ड इतके सगळे येते. शिंदखेडा आणि अमळनेर तालुक्यांतील काही गावे आमच्या एका सहकारी संस्थेने याच पाहणीत जोडली होती, त्यामुळे डोंगर आणि तापीकाठ अशा दोन्ही भागांतील माहिती एकत्र आली. फॉर्म कोबोटूलबॉक्स या मोफत प्रणालीवर केलेला होता. नेटवर्क नसताना तो भरून ठेवता येतो आणि तालुक्याला उतरल्यावर पाठवता येतो, ही सोय धडगावच्या वरच्या पाड्यांवर हिंडणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. गणिताचे सारे काम आर या मुक्त संगणकप्रणालीत केलेले होते आणि त्याचा कोड, नावे काढून टाकलेल्या माहितीसह, आमच्या हवाली करण्यात आला. ही गोष्ट साधी वाटते, पण सल्ला विकणारे लोक सहसा निष्कर्ष देतात आणि रीत स्वतःकडे ठेवतात. येथे तसे झाले नाही, म्हणूनच पुढची टीका आम्हाला करता आली.

प्रश्नावलीचा पाया चांगला होता. इराद्याची पाहणी करणाऱ्यांत गॅलप या मतचाचणी संस्थेची २००५ मध्ये सुरू झालेली जागतिक पाहणी सर्वांत परिचित आहे. तिच्यात देश सोडण्याबद्दल तीन पायऱ्यांनी विचारले गेले : संधी मिळाली तर जायला आवडेल का, येत्या बारा महिन्यांत जाण्याचा बेत आहे का, आणि त्यासाठी काही तयारी केली आहे का. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार जगातील सुमारे १५ टक्के प्रौढांनी, म्हणजे ७५ कोटींहून अधिक लोकांनी, पहिल्या प्रश्नाला होकार दिला. बेत असणारे त्यांच्या तुलनेत फार थोडे आणि तयारीला लागलेले त्याहूनही थोडे. पुढे संशोधकांनी देशादेशांतील प्रत्यक्ष स्थलांतराच्या आकड्यांशी ही उत्तरे ताडून पाहिली, तेव्हा दोहोंत बऱ्यापैकी संबंध दिसला. आमच्या फॉर्ममध्ये हीच तीन पायऱ्यांची रचना जिल्ह्याबाहेर जाण्याला लावली होती, आणि तयारीच्या प्रश्नात व्हिसाच्या जागी खोली पाहून ठेवणे, नातेवाइकाशी बोलणे, रेशन कार्डाची सोय करणे अशा गोष्टी घातल्या होत्या. हे रूपांतर समजून केलेले होते.

त्याहून अधिक आवडली ती चिंचोक्यांची पद्धत. 'जाणार का' या प्रश्नाला 'हो' असे उत्तर आले, तर त्यातून फारच थोडे कळते. चार्ल्स मॅन्स्की या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये दाखवले, की उत्तर देणारा पूर्ण प्रामाणिक आणि विचारी आहे असे धरले, तरी त्याच्या हो-नाहीवरून प्रत्यक्षात किती जण तसे वागतील याची फक्त वरची आणि खालची मर्यादा सांगता येते. नेमका आकडा सांगता येत नाही. शंभरात पंचावन्न शक्यता वाटणारा 'हो' म्हणतो आणि पंचाण्णव वाटणाराही 'हो'च म्हणतो. म्हणून शक्यताच विचारावी, असा त्याचा आग्रह. शाळेत न गेलेल्या माणसाला टक्केवारी विचारता येत नाही, म्हणून गेल्या काही दशकांत आशिया-आफ्रिकेतील पाहण्यांत दाणे किंवा खडे मांडायला सांगण्याची रीत रुळली आहे. आमच्याकडे दहा चिंचोके दिले जात : जितकी जाण्याची खात्री तितके एका बाजूला, उरलेले राहण्याच्या बाजूला. बायकांनी हा प्रकार पुरुषांपेक्षा लवकर आत्मसात केला, असे आमच्या कार्यकर्त्यांचे निरीक्षण आहे. पाच-पाच असे सरळ दोन वाटे करणारेही पुष्कळ निघाले. त्यांतील काहींचे मन खरोखर अर्धे-अर्धे होते आणि काहींना नुसते 'सांगता येत नाही' असे म्हणायचे होते, हे ओळखायला फॉर्ममध्ये वेगळा प्रश्न जोडून उपाय केलेला होता. अशा बारकाव्यासाठी पैसे द्यायला हरकत नसते.

भाषेच्या बाबतीत मात्र हयगय झाली. फॉर्म प्रमाण मराठीत, आणि विचारणे अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत. ठरलेले तोंडी वाक्य कोणत्याच बोलीत दिलेले नव्हते, त्यामुळे प्रत्येक कार्यकर्ता आपापल्या परीने विचारत होता. कोणी काय विचारले याचा फरक उत्तरांत किती उतरला, हे तपासण्यासाठी मॉडेलमध्ये कार्यकर्त्याचा क्रमांक एक घटक म्हणून घालता आला असता. तो घातला नव्हता. आम्ही सांगितल्यावर घातला, आणि काही कार्यकर्त्यांच्या फॉर्ममध्ये होकाराचे प्रमाण ठळकपणे वेगळे निघाले.

पाहणी केव्हा करावी, हाही वादाचा मुद्दा झाला. गटाला सोयीचा महिना श्रावण होता. शिंदखेडा-अमळनेरकडच्या गावांत श्रावणात कानबाई या खान्देशी देवीच्या रोटांच्या सणासाठी सुरतेला, मुंबईला, पुण्याला गेलेली भावकी घरी येते. त्या दिवसांत घरात बसलेला माणूस गावचा धरायचा की सुरतेचा? आणि चार दिवस शहरातली भावंडे अंगणात बसलेली असताना घरातल्या पोराला 'तुला जावेसे वाटते का' असे विचारले, तर त्याचे उत्तर आषाढातल्या उत्तरासारखे येईल असे कोणी मानू नये. डोंगरात हाच घोळ होळीला होतो. ऊसतोडीला गेलेली बरीच कुटुंबे होळीसाठी घरी येतात आणि सण झाला की काही परत जातात, काही जात नाहीत. आम्ही अडून बसल्यामुळे पाहणी दोन वेळा झाली, एकदा पेरणीआधी आणि एकदा पोळ्यानंतर. खर्च वाढला, पण मला विचाराल तर या सेवेत सर्वांत मोलाचे जे हाती लागले, ते या दोन वेळांच्या उत्तरांतील फरकातून लागले. पावसाने दडी मारली त्या पट्ट्यात चिंचोके जाण्याच्या बाजूला सरकले. जिथे विहिरीला पाणी होते तिथे फारसे हलले नाहीत.

नमुन्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण अशा सेवांची जाहिरात नमुन्याच्या आकाराने केली जाते आणि ग्राहकही त्यालाच भुलतो. गावांची यादी २०११ च्या जनगणनेची होती. त्यानंतरची दुसरी यादी नव्हतीच. या यादीत गाव हा एकक आहे, पाडा नाही. धडगाव तालुक्यातील एक महसुली गाव म्हणजे अनेकदा चार टेकड्यांवर पसरलेले पाडे, आणि एका पाड्याचे दैव दुसऱ्यासारखे नसते. रस्त्यालगतच्या पाड्यावर घरे मोजून थांबले तर वरचे पाडे सुटतात, आणि सगळ्यात जास्त जाणारे तेच असतात. गटाने ही सूचना ऐकली आणि आधी गाव, मग पाडा, मग घर अशी तीन टप्प्यांची निवड केली.

तरीही एक गणित ग्राहकाने स्वतः करून पाहावे. एकाच गावातील माणसे एकमेकांसारखी वागत असतील, तर वीस घरे विचारली म्हणून वीस घरांची माहिती मिळत नाही. सर्वेक्षणशास्त्रात याचे साधे सूत्र आहे : एक अधिक, गावागणिक घरांच्या संख्येतून एक वजा करून त्याला गावातील साम्याच्या गुणांकाने गुणलेला आकडा. समजा, गावामागे २० घरे आहेत आणि साम्याचा गुणांक ०.१ आहे, तर उत्तर २.९ येते. म्हणजे हजार घरांचा नमुना प्रत्यक्षात जेमतेम साडेतीनशे घरांच्या स्वतंत्र नमुन्याइतकाच बळकट. ऊसतोडीच्या बाबतीत हे साम्य आणखी मोठे असते, कारण मुकादम, म्हणजे तोडणीसाठी मजूर गोळा करणारा मध्यस्थ, एकेक घर गाठत नाही, पाड्यावरून टोळी उचलतो. गटाच्या पहिल्या मसुद्यात त्रुटीच्या मर्यादा, म्हणजे अंदाज किती खाली-वर होऊ शकतो ती कक्षा, हे साम्य विचारात न घेता काढलेल्या होत्या, त्यामुळे त्या भलत्याच अरुंद दिसत होत्या. अंतिम अहवालात दुरुस्ती झाली आणि मर्यादा रुंदावल्या. ग्राहकाला रुंद मर्यादा पाहून फसवल्यासारखे वाटते. खरे तर अरुंद मर्यादा पाहून तसे वाटायला हवे.

आता मॉडेल. ते बहुस्तरीय लॉजिस्टिक प्रकारचे होते, म्हणजे जाण्याची शक्यता काढताना घर, पाडा आणि तालुका यांचा प्रभाव वेगवेगळा धरणारे. याचा फायदा असा, की ज्या पाड्यावरून फक्त चार-पाच फॉर्म आले आहेत, त्याचा अंदाज त्या चार-पाच फॉर्मवरच न टांगता तालुक्याच्या सरासरीकडे थोडा ओढून घेतला जातो, आणि जिथे फॉर्म भरपूर आहेत तिथे गावाचे स्वतःचे म्हणणे टिकते. छोट्या वस्त्यांच्या खान्देशी डोंगरात याखेरीज दुसरा शहाणा मार्ग नाही.

कुठे जाणार, या प्रश्नाचे उत्तर देणारा भागही सुरुवातीला फसला होता आणि नंतर सुधारला. राहणे, बारडोलीकडे ऊसतोड, नवसारीकडे ऊसतोड, सुरत, नाशिक, पुणे असे पर्याय एका रांगेत ठेवले होते. अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या आणि पुढे २००० च्या नोबेलला कारण ठरलेल्या, अनेक पर्यायांतली निवड मोजण्याच्या या पद्धतीत एक गृहीत दडलेले असते : नवा पर्याय आला तर तो बाकीच्या सर्व पर्यायांतून प्रमाणशीर वाटा काढून घेतो. मुकादमाने यंदा नवसारीऐवजी बारडोलीचा कारखाना धरला, तर टोळी बारडोलीला जाते. पुण्याला कंपनीत जाऊ पाहणाऱ्या पोराच्या मनात त्यामुळे तसूभरही फरक पडत नाही. मॉडेल मात्र पुण्याचाही वाटा कमी करत होते. आधी कामाचा प्रकार आणि मग त्या प्रकारातले ठिकाण अशी दोन पातळ्यांची रचना केल्यावर हा दोष गेला. तज्ज्ञाला हे पहिल्याच वेळी सुचायला हवे होते, एवढे म्हणण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

मुख्य हरकत याच्याही पलीकडची आहे, आणि ती उचलीविषयी आहे.

ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्यात घरात पैसा नसतो, दाणा संपत आलेला असतो, तेव्हा मुकादम कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, आगाऊ रक्कम देतो. ही उचल. हंगामात ती कामातून फेडायची, आणि फिटली नाही तर उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. भाद्रपदात उचल घेतलेल्या माणसाला 'दिवाळीनंतर जायचा विचार आहे का' असे विचारणे म्हणजे त्याच्याकडे शिल्लकच नसलेल्या गोष्टीची चौकशी करणे होय. त्याच्या दृष्टीने निर्णय होऊन गेलेला असतो.

गटाने 'उचल घेतली आहे का' हा प्रश्न फॉर्ममध्ये ठेवला होता, ते योग्यच होते. पण तोच घटक त्यांनी अंदाज बांधण्यासाठी मॉडेलमध्येही घातला आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर मॉडेलच्या अचूकतेचा आकडा मोठ्या अक्षरांत छापला. अचूकता येणारच होती. अंगाला हळद लागलेली पाहून लग्नाचे भाकीत करण्यासारखाच तो प्रकार आहे. उचल काढून टाकून तेच मॉडेल पुन्हा चालवायला लावले, तेव्हा ऊसतोडीच्या बाबतीत ते एकदम ढेपाळले. उरलेल्या घटकांपैकी गेल्या वर्षी गेले होते की नाही, हा एकटाच थोडाफार टिकून राहिला. जमीन, शिक्षण, वय, चिंचोके, घरच्यांचे मत या सर्वांची मिळून जी भर पडली ती मामुली होती.

याचे कारण सिद्धांतातच आहे. इराद्याच्या बहुतेक मॉडेलांमागे मानसशास्त्रज्ञ आयसेक आयझेन यांची १९९१ मध्ये सविस्तर मांडलेली मांडणी असते : माणसाचा स्वतःचा कल, आजूबाजूच्यांची अपेक्षा आणि ही गोष्ट आपल्या हातात आहे असे वाटणे, या तिघांतून इरादा घडतो आणि इराद्यातून कृती. पण गोष्ट जितकी माणसाच्या प्रत्यक्ष ताब्यात, तितकाच इरादा कृतीचे भाकीत करतो, ही अट तिथेच लिहिलेली आहे. कोयत्यावर जाणाऱ्या जोडीच्या ताब्यात काय असते? आमच्या फॉर्ममध्ये दहाच्या दहा चिंचोके राहण्याच्या बाजूला ठेवणारी आणि तरीही दिवाळीनंतर टेम्पोत बसलेली कुटुंबे होती. त्यांनी खोटे उत्तर दिले असे मला वाटत नाही. त्यांनी इच्छा सांगितली होती, कारण प्रश्न त्यांना इच्छेचाच वाटला. उलट बाजूला शहरात जाऊ इच्छिणारी, पण भाड्याला पैसे नाहीत, ओळख नाही, घरात म्हातारी माणसे आहेत म्हणून अडकलेली पोरेही होती. स्थलांतराच्या अभ्यासात यॉर्गन कार्लिंग यांनी २००२ मध्ये आकांक्षा आणि क्षमता वेगळ्या मोजाव्यात असे सुचवले, ते याच कारणासाठी. त्यांच्या डोळ्यांपुढे जावेसे वाटूनही जाता न येणारी माणसे होती. नंदुरबारच्या डोंगरात राहावेसे वाटूनही राहता न येणारी माणसे त्यांच्या जोडीला बसवावी लागतात, आणि या सेवेच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता.

मग करायला काय हवे होते? माझ्या मते उचल हा अंदाजाचा घटक न धरता तिचाच अंदाज बांधायला हवा होता : पेरणीआधीच्या माहितीवरून भाद्रपदात कोण उचल घेईल. गेल्या वर्षाची बाकी, घरातले धान्य किती महिने पुरेल, आजारपणाचा खर्च, जुलैतला पाऊस, गावात रोजगार हमीचे काम निघाले की नाही, आणि मुकादम पाड्यावरचाच आहे की बाहेरचा. यांतील निम्म्या गोष्टी फॉर्ममध्ये होत्या, निम्म्या नव्हत्या. गटाने आमच्या आग्रहावरून अशी दोन टप्प्यांची मांडणी करून दाखवली आणि ती आधीच्यापेक्षा प्रामाणिक निघाली. तिच्यातील अचूकतेचा आकडा लहान आहे, पण तो ज्या वेळी हाती येतो त्या वेळी अजून काही करता येते. उचलीबद्दल अनोळखी माणसाला कोणी सहजी सांगत नाही, हीही अडचण आहेच. आमच्या ओळखीच्या पाड्यांवर ती कमी भासली. दुसऱ्या संस्थेला ती जास्त भासेल.

अंदाज खरा ठरला की नाही हे तपासण्याची पद्धत निम्मी चांगली, निम्मी वाईट होती. चांगली अशी, की मॉडेल तपासताना त्यांनी घरे बाजूला न ठेवता पूर्ण पाडेच बाजूला ठेवले. एकाच पाड्यावरची काही घरे मॉडेलला शिकायला देऊन उरलेल्यांवर परीक्षा घेतली, तर उत्तरपत्रिका आधीच फुटलेली असते. शिवाय नुसते बरोबर-चूक न मोजता, ज्यांना मॉडेलने सत्तर टक्के शक्यता दिली त्यांतले खरोखर सुमारे सत्तर टक्के गेले का, हेही पाहिले. वसतिगृहाच्या नियोजनाला हेच हवे असते. अमुक घर जाणार की नाही यापेक्षा पाड्यावरून एकूण किती मुले येतील, यावर शिधा ठरतो.

वाईट भाग म्हणजे दिवाळीनंतरची खातरजमा फोनवर केली गेली. जो गेला, त्याचे सिम बदलले किंवा फोन चार्ज करायची सोय राहिली नाही. जो राहिला, तो फोन उचलतो. न लागलेले फोन सरळ गाळले, तर गेलेल्यांचीच संख्या आपोआप कमी होते. आम्ही अंगणवाडीताई, शाळेचा हजेरीपट आणि बाहेर जाणाऱ्या मुलांना दिली जाणारी शिक्षण हमी कार्डे यांवरून यादी पुन्हा तपासली, तेव्हा चित्र बदलले. हे काम सेवेच्या करारात नव्हते. करून घेणाऱ्याने ते करारात लिहून घ्यावे.

सरकारी आकड्यांशी तुलना करण्याचे अहवालातील प्रकरण वाचनीय आहे, पण त्याचा वापर जपून करावा. २०११ च्या जनगणनेत स्थलांतरितांची संख्या ४५ कोटींवर, लोकसंख्येच्या सुमारे ३७ टक्के, भरली; त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा वाटा मोठा आहे आणि हंगामी जाणारे जवळपास दिसतच नाहीत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००७-०८ मधील ६४ व्या फेरीने कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलेल्यांना वेगळे मोजले, पण तोडणी लांबली की आमची कुटुंबे त्या सहा महिन्यांच्या उंबरठ्यावर येऊन ठेपतात. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात रेल्वेच्या अनारक्षित प्रवासाच्या आकड्यांवरून आंतरराज्य स्थलांतर वर्षाला सुमारे ९० लाख असावे, असा अंदाज बांधला होता. कल्पना नामी आहे. उधना-जळगाव मार्गावरच्या अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार या स्थानकांवरून सुरतेला जाणारी तरुण मंडळी तिच्यात पकडली जातील, पण डोंगरातून टेम्पोने थेट उसाच्या फडावर उतरणारी टोळी तिकीट काढतच नाही. गटाने हे तीन आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी ठेवले आहेत. तसे ठेवायला नको होते.

तापीकाठच्या गावांतील निकाल मात्र मनापासून वाखाणण्याजोगे आहेत. तिथे इरादा, बेत आणि तयारी या तीन पायऱ्या खरोखर पायऱ्यांसारख्या वागल्या. आयटीआय किंवा पदविका झालेल्या मुलाने तयारीच्या प्रश्नाला होकार दिला असेल आणि घरातले कोणी सुरतेला लिंबायत-उधन्याकडे आधीच राहत असेल, तर तो गेला असण्याची शक्यता ठळकपणे वाढलेली दिसली. नुसत्या इच्छेने काही वाढले नाही. शेतीच्या आकारापेक्षा विहिरीचे पाणी महत्त्वाचे ठरले. माणसे सहसा जवळच्याच ठिकाणी जातात, हे रॅव्हेन्स्टाइन यांनी १८८५ मध्ये इंग्लंडच्या जनगणनेवरून मांडलेले निरीक्षण येथेही उमटले, पण त्यात एक वळण आहे : पुणे सुरतेपेक्षा दूर असूनही शिकलेल्यांचा ओढा पुण्याकडे आणि कमी शिकलेल्यांचा सुरतेकडे. मुलींच्या बाबतीत अहवाल गप्प आहे. सासऱ्यासमोर सुनेला किंवा बापासमोर लेकीला चिंचोके मांडायला लावले, तर ते कोणाचे चिंचोके असतात हे सांगायला सांख्यिकी लागत नाही. आम्ही पुढे स्त्री कार्यकर्त्यांकडून वेगळे विचारून घेतले, ते काम अपुरे राहिले आहे.

डॅशबोर्डविषयी फार लिहिण्यासारखे नाही. नकाशा देखणा आहे, गावे लाल-पिवळी-हिरवी होतात, पण त्रुटीची मर्यादा कुठेच दिसत नाही, आणि पाहणारा अधिकारी पिवळे गाव सोडून लाल गावाकडे बोट दाखवतो. दोन गावांच्या अंदाजांतला फरक मर्यादेच्या आतला असेल तर त्यांना वेगळे रंग देऊ नयेत, इतकी साधी अपेक्षा होती. ती पूर्ण झाली नाही.

एका बाबतीत मात्र आम्ही ठाम राहिलो आणि अशी सेवा घेणाऱ्या प्रत्येकाने राहावे. सुरुवातीच्या प्रस्तावात घरनिहाय, नावासह 'जाण्याची शक्यता' देण्याची सोय होती. अशी यादी आमच्या जितकी कामाची, तितकीच मुकादमाच्या कामाची. कोणते घर यंदा कमी उचलीवर तयार होईल, हे तिच्यावरून सरळ वाचता येते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा दाखला द्यायचीही वेळ आली नाही, गटाने लगेच ते मान्य केले आणि अंदाज पाड्याच्या पातळीवरच ठेवला. खूप लहान पाडे शेजारच्या पाड्यात मिसळून दाखवले.

किमतीचा आकडा प्रत्येकाच्या गावांच्या संख्येवर बदलेल म्हणून देत नाही. आमच्यासारख्या लहान संस्थेला ती जड गेली, पण दोन संस्थांत वाटल्यामुळे पेलली. गटातील माणसांचे वागणे चांगले होते. शंकांना उत्तरे वेळेवर आली, आणि उचलीच्या मुद्द्यावर आमचे म्हणणे ऐकून काम पुन्हा करून दिले, तेही वेगळे पैसे न मागता. ज्यांना धुळे-जळगावकडच्या तरुणांसाठी कौशल्यवर्ग, वसतिगृह किंवा गावातच उद्योग असे काही उभारायचे आहे, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. ज्यांचा प्रश्न ऊसतोड, वीटभट्टी किंवा कापूस वेचणीचा आहे, त्यांनी ती आहे तशी घेऊ नये. उचलीची मांडणी आधी करून मागावी, दोनदा पाहणी आणि प्रत्यक्ष जाऊन खातरजमा करारात लिहून घ्यावी.

येत्या हंगामासाठी आम्ही करार नूतन करताना डॅशबोर्ड वगळला आहे आणि त्या रकमेतून पावरी व भिलीतील तोंडी प्रश्न ध्वनिमुद्रित करून घेण्याचे ठरवले आहे. चिंचोके कायम आहेत. पहिली पाहणी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आटोपल्यावर, पेरणीच्या आधी होईल, आणि जळगावच्या एका महाविद्यालयातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक गटाचा कोड आमच्यासाठी स्वतंत्रपणे चालवून पाहणार आहेत.